अविनाशसाठी बंद ठेवलेला समुद्र

अविनाश गेल्यानंतर सात आठवडे मी प्रार्थना केली नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दर रविवारी मी पहिल्या बाकावर बसत होते, गीतांना ओठ हलवत होते, वेळच्या वेळी 'आमेन'ही म्हणत होते. सेवाकार्यासाठी आलेल्या माणसाच्या बायकोनं प्रार्थना सोडली, हे सांगणार तरी कुणाला? पण खरं तेच होतं. एखाद्या शेजारणीशी अबोला धरावा तसा मी देवाशी अबोला धरला होता. त्याला एकच सांगून ठेवलं होतं, की आधी माझ्या नवऱ्याचं शरीर परत दे, मग आपण बोलू. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला माझं अगदी रास्त वाटत होतं.

आम्ही मूळचे नगरचे. दोघांच्याही घरी तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म, त्यामुळे मिशन, दवाखाना, रविवारची शाळा हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला मोठा भूकंप झाला त्या वर्षी अविनाश शिकायला म्हणून ऑकलंडला उतरला आणि पाठोपाठ मी रूथला कडेवर घेऊन आले. पापाकुराला दोन खोल्यांचं घर, ओटाहुहूच्या एका गोदामात त्याची नोकरी, आणि माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन होईपर्यंत वृद्धाश्रमातली कामं. तीन वर्षांत बरं चाललं होतं. मग एका रविवारी चर्चमध्ये कुणीतरी उभं राहून सांगितलं, की पार उत्तरेला समुद्रकाठी माओरींचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, एक गाव आहे, तिथलं मिशनचं घर दोन वर्षं रिकामं पडलंय, पेशंटना इस्पितळात नेणारी व्हॅन चालवायला, उपासना घ्यायला आणि छोट्या दवाखान्यात बसायला माणसं हवीत. अविनाशनं मला न विचारता हात वर केला. मी त्याची बाही ओढली, पण हात काही खाली आला नाही. घरी येताना म्हणाला, "अगं, इथं खोकी उचलतोय, तिथं माणसं उचलीन." रागावून मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी सामान बांधायला घेतलं.

गावात पंधरा-वीस घरं, एक शाळा, एक लहानसं पांढरं चर्च आणि मराए. मराए म्हणजे त्या लोकांचं सभागृह, पंगतीची जागा आणि माहेर, सगळं एकाच अंगणात. सगळ्यात जवळची डेअरी, म्हणजे किराणा दुकान, गाडीनं पाऊण तासावर. आम्ही मोठ्या उत्साहानं सेवा करायला गेलो खरे, पण तिथं मिशनऱ्यांचं कुणाला अप्रूप नव्हतं. चर्चचं काम बघणारे म्हातारे पापा होने यांच्याकडे त्यांच्या पणजोबांचं बायबल होतं आणि त्यातले उतारे त्यांना तोंडपाठ होते. अविनाश पहिल्या दिवशी प्रवचनाची वही घेऊन उभा राहिला, तर पापांनी त्याला शांतपणे विचारलं, "छान. पण तुला छत दुरुस्त करता येतं का?" तेव्हापासून तो आठवडाभर छपरं, गटारं, पाण्याच्या टाक्या आणि व्हॅन यांत असायचा आणि रविवारी उपासना घ्यायचा. मी दवाखान्यात रक्तदाब बघायचे, जखमा बांधायचे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डब्यांत भरून द्यायचे. तिथं आम्ही सुखात होतो, हे मला आता कळतं.

आमच्या पायरीवर दर पंधरा दिवसांनी एक पांढरी बादली येऊन बसायची. कधी तिच्यात काळे शिंपले असायचे, कधी मासे, कधी पिपी, म्हणजे वाळूतले छोटे शिंपले. कोण ठेवून जातं ते कधी दिसायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. बादली मात्र नॅन मेरे यांची, हे कडीला बांधलेल्या निळ्या दोरीवरून ओळखू यायचं. नॅन मेरे म्हणजे गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई, सगळ्यांचीच आजी. आता मी वाढले ती अशा घरात, जिथं शेजाऱ्याची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. काही नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची. त्यामुळे त्या बादलीत मी कधी चपात्या ठेवायचे, कधी शंकरपाळे, कधी चिवडा, कधी केळ्याचा केक. अविनाश हसायचा. "तुला ना, कुणाचं घेतलेलं पचतच नाही," म्हणायचा. मी म्हणायचे, आपण इथं द्यायला आलोय, घ्यायला नाही. हे वाक्य मी किती अभिमानानं बोलायचे, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्या शनिवारी बादली माझ्या स्वयंपाकघरात रिकामी होऊन धुऊन ठेवलेली होती. पावसानं घाटात दरड कोसळल्यामुळे सामानाचा ट्रक आला नव्हता, घरात पीठ संपलं होतं, साखरही तळाला गेली होती. द्यायला काहीच नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर नॅन मेरे भेटणार होत्या. मी चिडचिड करत होते. अविनाश म्हणाला, "नेऊन दे तशीच. कोण काय म्हणणार आहे?" आणि मी म्हणाले, "सगळं गाव आपल्याला आणून देतं. इतकी वर्षं झाली, एकदा तरी तू स्वतः जाऊन काहीतरी आण की." बस, एवढंच. भांडणसुद्धा नव्हतं. तो हसला, पोतं घेतलं, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातल्या आणि ओहोटी बघून खडकांकडे गेला. गावकऱ्यांबरोबर तो तीन-चारदा गेला होता आणि त्यांनी त्याला दोनच नियम शिकवले होते: एकट्यानं जायचं नाही आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. पण कुणाला बरोबर घेतलं असतं, तर आणलेलं त्यांचंच झालं असतं. माझ्या हट्टासाठी तो एकटा गेला. टेकडीवर कुंपण दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं त्याला वाकलेलं पाहिलं, मग लाट पाहिली, मग तो दिसला नाही. संध्याकाळपर्यंत त्याची एक जँडल सापडली.

शोध नऊ दिवस चालला. पोलिसांची बोट आली, हेलिकॉप्टर आलं, पाणबुडे आले. गावातले लोक किनाऱ्यावरून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालत होते, आणि म्हाताऱ्या बायका गोधड्या पांघरून वाळूत बसून राहिल्या होत्या, तो तिथं एकटा पडू नये म्हणून. पहिल्याच दिवशी पापा होने यांनी पाण्यात गुडघाभर उभं राहून प्रार्थना म्हटली आणि खाडीच्या दोन्ही टोकांना खांब रोवले. त्याला तिकडे राहुई म्हणतात. ज्या पाण्यात माणूस गेला, ते पाणी जणू सुतकात बसतं. तिथून मासा काढायचा नाही, शिंपला उचलायचा नाही, पोहायलाही जायचं नाही. मला हे ऐकून माहीत होतं. खरं सांगायचं, तर पूर्वी कधीतरी मी आणि अविनाशनं त्यावर बोलताना नाकही मुरडलं होतं, की बायबल वाचणाऱ्या लोकांना हे कशाला हवं. या वेळी मी त्या खांबांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, पोलिसांनी किनारा बंद केलाय.

नवव्या दिवशी बोट परत गेली. संध्याकाळी पापा होने आमच्या व्हरांड्यात आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "तू सांगशील तेव्हा, डियर. आम्ही थांबू." मी म्हटलं, "थँक यू, पापा." आपल्याकडे मयताच्या घरी येणारा प्रत्येक जण जाताना म्हणतो, काही लागलं तर सांगा हं, हक्कानं सांगा. आपण मान हलवतो. कुणी सांगत नाही, कुणी वाट बघत नाही. पापांचं बोलणं मला तसंच वाटलं, आणि मान हलवून मी आत गेले.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पहाटे उठून मी खाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे. शेवाळाचा ढीग दिसला की तिकडे धावायचे. नगरहून सासूबाईंचा रोज फोन यायचा. "सलाम" म्हणायच्या आणि लगेच विचारायच्या, "मिळाला का गं?" मी "नाही" म्हणायचे. त्या म्हणायच्या, "मिळंल. देवबाप माझ्या लेकराला असा पाण्यात ठेवायचा नाही. मिळाला की मिशनच्या कबरस्तानात त्याच्या बापाशेजारी जागा हाय." रूथ तेव्हा सात वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. ती एकदाच म्हणाली, "आई, इज ही कोल्ड?" मी तिला जवळ घेतलं.

खायला रोज काही ना काही येत होतं. भाजलेलं मांस, पाव, रताळी, सूप. आणणारे आत येऊन बसायचे, रडायचे, भांडी घासून जायचे. बादली आली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. मुलांचे गळ भिंतींना टेकून उभे होते, होड्या अंगणात पालथ्या पडल्या होत्या, आणि मी त्यांच्या शेजारून रोज चालत होते. माणूस आपल्या दुःखात किती आंधळा होतो, हे मी माझ्यावरूनच सांगते. मला वाटत होतं, सगळं गाव पूर्ववत झालंय आणि मी एकटीच थांबले आहे.

सातव्या आठवड्यात मी ठरवलं, की निघायचं. कुणाला सांगायचं नाही. ऑकलंडला मैत्रिणीकडे जायचं आणि तिथून भारतात. देवासाठी आलो आणि देवानं हे केलं, तर आता त्याचं गाव त्यानं सांभाळावं. पण पळण्याचं खरं कारण वेगळं होतं. अविनाश खडकांवर का गेला, हे कुणाला माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे, बिचारा बायको-पोरीसाठी शिंपले आणायला गेला. प्रत्येक वेळी ते ऐकताना मला आतून कुणीतरी ओरबाडल्यासारखं व्हायचं. सकाळी रूथला गाडीत बसवलं, दोन बॅगा घेतल्या, दवाखान्याच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली आणि निघाले.

घाटात पुन्हा दरड कोसळली होती. अर्धा रस्ता मातीखाली, अर्धा मोकळा, आणि तिथं एक माणूस 'स्टॉप' लिहिलेली पाटी धरून उभा. नारिंगी जाकीट, चिखलानं भरलेले बूट, पांढरी दाढी. मला तो अनोळखी होता. त्यानं काचेवर टकटक केली.

"किया ओरा, सिस. डिगर अडकलाय तिकडं. वेळ लागेल. चहा घेणार?"

मी नको म्हटलं, तरी त्यानं थर्मासच्या झाकणात ओतून दिला. रूथला खिशातून एक बिस्किट दिलं. कुठून आलात म्हणून विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "तू ती नर्स. तुझाच नवरा ना तो."

मी मान हलवली.

"आमच्या आँटीचं गाव ते. मेरे. आम्ही परवा शिंपल्यांची दोन पोती पाठवली होती आमच्या खाडीतून. तिनं परत पाठवली. म्हणाली, आमचा माणूस पाण्यात आहे तोवर कुठल्याच पाण्यातलं नको." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "तिच्या नवऱ्याच्या, आमच्या अंकलच्या, थडग्यावरचा दगड उघडायचा होता या महिन्यात, त्यावरचं कापड काढून. वर्ष झालं त्याला जाऊन. तेही पुढं ढकललंय. दोनशे माणसं येणार आणि समुद्रातलं काही वाढायचं नाही, असं कसं चालेल? तर सगळे थांबलेत."

"कशासाठी?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी विनोद केलाय. "तुझ्यासाठी, सिस. तू सांगितल्याशिवाय खांब काढणार नाहीत. होनेनं तुला विचारलं नव्हतं?"

विचारलं होतं. माझ्या व्हरांड्यात, टोपी हातात घेऊन. जन्मभर त्या समुद्रावर जेवलेली माणसं सात आठवडे माझ्या एका शब्दाची वाट बघत होती आणि मी त्याला शिष्टाचार समजले होते. अख्ख्या गावानं एका नगरच्या माणसासाठी आपलं ताट मोकळं ठेवलं होतं. अविनाश त्यांचा कोण होता? त्यांच्या रक्ताचा नाही, भाषेचा नाही. आणि त्या बाईनं म्हटलं होतं, आमचा माणूस. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागले. अविनाश गेल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्यानं रडले. रूथ घाबरली नाही, मागून हात घालून माझा खांदा धरून बसली. तो माणूस पाटी धरून पावसात उभा राहिला. थोड्या वेळानं वाकून म्हणाला, "पुढं जायचंय की मागं?" मी म्हटलं, "मागं." त्या अरुंद रस्त्यावर त्यानं मला हातवारे करत, दर फुटाला थांबवत गाडी वळवून दिली.

गावात शिरल्यावर मी थेट नॅन मेरे यांच्या दारात गेले. त्या रताळी सोलत बसल्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. बादली, संपलेलं पीठ, माझा हट्ट, मी त्याला काय बोलले ते. "मी पाठवलं त्याला," म्हणाले. "तुम्हाला रिकामी बादली द्यावी लागू नये म्हणून."

त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले. "रिकामी बादली आली असती, तर मी पुन्हा भरली असती," म्हणाल्या. "तेवढंच काम असतं तिचं. तू नेहमी काहीतरी घालून पाठवायचीस, तेव्हा मी होनेला म्हणायची, चांगली आहे पोरगी, पण हिला अजून पाहुणीच राहायचंय." मग त्यांनी माझं कपाळ आपल्या कपाळाला लावलं. "त्याला लाटेनं नेलं, गर्ल. तू नाही." त्यांचेही डोळे भरले होते. त्यांचाही नवरा वर्षापूर्वी गेला होता आणि त्याच्या थडग्यावरचा दगड कापडाखाली झाकून ठेवून त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, हे त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.

पण शब्द देणं सोपं नव्हतं. खांब काढा म्हणणं म्हणजे तो आता येणार नाही म्हणणं. मला कबर हवी होती. जिथं जाऊन बसता येईल, अशी हातभर जागा. आणि नगरला एक म्हातारी आई रोज विचारत होती, मिळाला का. तिला न विचारता मी हे करू शकत नव्हते. दुपारी मी स्वतः फोन लावला. सगळं समजावून सांगितलं, खांब, बंद समुद्र, परत पाठवलेली पोती.

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी लोकं खात नाहीत? माझ्या अविनाशमुळं?"

"हो, आई."

"किती दिस?"

"सात आठवडे."

"अगं बाई." त्यांना हुंदका आला आणि त्यांनी तो गिळला. "सांग त्यांना. आजच सांग. माझा पोरगा कुणाला ताटावरून उठवायचा नाही. आन हे बघ, इथली जागा राहू दे तशीच. तिथंच निजू दे त्याला. त्याची माणसं हाईत तिथं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ज्या आईनं कबरीची जागा राखून ठेवली होती, तिनं एका क्षणात लेकरू सोडून दिलं, आणि मी शिकलेली, सेवेला आलेली बाई सात आठवडे मूठ आवळून बसले होते.

मी पापा होने यांच्याकडे जाऊन सांगितलं, "पापा, समुद्र उघडा." त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नाही. पण उघडा." त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. गारठा होता. पापा पाण्यात उतरले, त्यांच्या भाषेत समुद्राशी बोलले, मग आपल्याच प्रभूची प्रार्थना त्यांच्या भाषेत म्हटली. नॅन मेरे यांनी लांब सुरात हाक घातली आणि त्या हाकेत मला अविनाशचं नाव ऐकू आलं. मी आणि रूथ गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. पाणी इतकं थंड होतं, की रूथचा प्रश्न मला आठवला आणि मी तिथंच कोसळले असते, पण दोन्ही बाजूंनी कुणीतरी दंड धरले. तिकडे सूर्य वर आला. अविनाश आला नाही. काही चमत्कार झाला नाही. पापांनी खांब उपटले, खांद्यावर टाकले आणि सगळे चर्चकडे चालू लागले. चालताना माझ्या तोंडून नकळत निघालं, "प्रभू, तुझ्या हाती देते." अबोला तिथं संपला.

घाटातला तो माणूस कोण, हे मी नंतर विचारलं. नॅन मेरे म्हणाल्या, त्यांना शंभर भाचे आहेत. तो दरडीच्या कामापुरता आला होता आणि काम संपल्यावर दक्षिणेकडे गेला. त्याला देवदूत म्हणायचा मोह मला होतो, पण त्याचे बूट चिखलाचे होते आणि डिगरवाल्यावर तो चांगलाच वैतागला होता. मी एवढंच म्हणते, की त्या रस्त्यानं मी कितीतरी वेळा गेले, कुणी कधी अडवलं नव्हतं. ज्या दिवशी मी पळत होते, त्याच दिवशी अडवलं. देव माझ्याशी बोलेल म्हणून मी रोज वाळूत शरीर शोधत होते, आणि तो सात आठवडे पंधरा-वीस घरांच्या मोकळ्या ताटांतून माझ्याशी बोलत होता. शरण जाणं यावर मी आणि अविनाशनं कितीतरी प्रवचनं दिली असतील. मला ते असं कळलं, की आपल्याजवळ द्यायला काहीही उरलं नाही, तरी दुसऱ्याच्या दारात उभं राहता आलं पाहिजे. त्यासाठी मला अविनाश द्यावा लागला, हे मला अजून समजत नाही, आणि ते समजल्याचा आव मी आणणार नाही.

आठवड्यानं नॅन मेरे यांच्या यजमानांच्या थडग्यावरचा दगड उघडला. कबरस्तानातून बाहेर पडताना हातावर पाणी घेतात, आपण घेतो तसंच. मग सगळे मराएवर परतलो. सभागृहाच्या भिंतीवर त्यांच्या गेलेल्या माणसांचे फोटो आहेत, आणि शेवटच्या ओळीत, अंकलच्या शेजारी, कुणीतरी अविनाशचा फोटो लावला होता. छपरावर चढून हसणारा. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती.

जेवणाच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडली होती. वाफाळलेल्या शिंपल्यांची एक मोठी परात माझ्यासमोर आणून ठेवली गेली. पापा होने उठून म्हणाले, "आज प्रार्थना तू कर. तुझ्या भाषेत." मी उभी राहिले. मला मोठं काही सुचलं नाही. "प्रभू, हे अन्न तू दिलंस आणि या माणसांनी आणलं. आम्ही घेतो," एवढंच म्हणाले आणि बसले. आमेन झालं, पण कुणी हात लावला नाही. दोनशे माणसं इकडचं तिकडचं बोलत होती, चमचे सरळ करत होती, मुलांना गप्प करत होती, आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

रूथनं परातीतला एक शिंपला उचलून बघितला. "आई, इज इट फ्रॉम डॅड्स रॉक्स?"

"हो," मी म्हटलं.

"कॅन आय हॅव सम?"

"घे, बाळा."

तिनं खाल्लं. मग मी एक उचलला, उघडला आणि तोंडात घातला. खारट होता, गोड होता. मी तो गिळला, आणि मग त्या सगळ्या टेबलांवर लोक जेवायला लागले.